मागच्या पानावरची ओळ

पार्सल दुपारी आलं. मालननं ते सोडलं नाही. तसंच आणून माझ्या कामाच्या पाटावर ठेवलं आणि म्हणाली, "तुम्हीच कापा. तुमचा हात सरळ चालतो."

मी बाइंडर आहे. बार्शीत पुस्तकं बांधायचं काम चाळीस वर्षं केलं. सुतळी कापली, कागद बाजूला केला. आत दहा पुस्तकं होती, सगळी एकसारखी. वर 'गाठीचा दोरा' असं नाव आणि खाली मालन होनराव. माझं आडनाव पुस्तकावर छापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, तेही तिच्या नावापुढं.

तिनं एक पुस्तक उचललं, उलटं केलं आणि कव्हरच्या मागच्या पानावर खालच्या बाजूला अंगठा दाबून धरला. मग वाचलं.

"दोरा ओवताना ही बाई श्वास धरते. समोर बसणाऱ्यालाही धरावा लागतो. तिची गोष्ट वाचताना तसंच होतं."

वाचून झाल्यावर माझ्याकडं बघून हसली.

"ओळखा बघू, कुणाचं?"

हा आमचा जुना खेळ होता. वाचनालयाची नवी पुस्तकं घरी बांधायला यायची. पातळ कव्हरची पुस्तकं वाचकांच्या हातात टिकत नाहीत, म्हणून मी ती सोडवून घ्यायचो, मालन समोर बसून फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, पुन्हा शिवायची आणि मग मी पुठ्ठा चढवायचो. शिवायच्या आधी ती वाचून काढायची. म्हणायची, एकदा शिवलं की ते वाचनालयाचं, तोवर माझं. शाळा तिची सातवीपर्यंतच झालेली. बाकीचं शिक्षण असं सुट्या पानांवर झालं.

काम संपलं की ती मागच्या पानावरचं कौतुक वाचून दाखवायची, नाव अंगठ्यानं झाकून. 'एकदा हातात घेतल्यावर खाली ठेवता येणार नाही.' मी ते पुस्तक तिच्या हातातून घ्यायचो आणि लगेच खाली ठेवून दाखवायचो. ती हसायची. मग मी नाव ओळखायचं. बहुतेक वेळा बरोबर यायचं, कारण कौतुक करणारी माणसं पाच-सहाच होती आणि त्यांचे शब्द ठरलेले होते. एकाला सगळं 'विदारक' वाटायचं. दुसऱ्याला प्रत्येक पुस्तकात मराठी कथेचं 'नवं वळण' दिसायचं. मालन म्हणायची, "एवढी वळणं घेतल्यावर कथा अजून बार्शीतच कशी?"

खेळाचा नियम एकच. समोरचा 'हरलो' म्हणेपर्यंत उत्तर सांगायचं नाही.

त्या दिवशी मी खेळलो नाही. तिचा अंगठा धरून बाजूला केला. खाली नाव होतं, प्राचार्य श्रीनिवास उमदीकर.

"छापलंय की खाली," मी म्हणालो.

"नाव सोडा हो. ओळ ऐकली का?"

"ऐकली."

"मग?"

"मोठा माणूस आहे. चांगलंच लिहिणार."

तिनं हातातलं पुस्तक बाकीच्यांवर ठेवलं. मग पुस्तकं उचलून आत नेली.

उमदीकर हे नाव मला नवीन नव्हतं. आदल्या वर्षी सोलापूरला कथा लिहिणाऱ्यांचं तीन दिवसांचं शिबिर होतं. मालनच्या दोन गोष्टी मासिकात आल्या होत्या, म्हणून तिला बोलावणं आलं. उमदीकर तिथं शिकवायला होते. मीच तिला एसटीत बसवून दिलं. परत आली ती माझ्यासाठी चादर घेऊन. पण घरात पाऊल ठेवल्यापासून जेवायला बसेपर्यंत 'सर म्हणाले' हे शब्द ती तेरा वेळा बोलली. मोजायचे नव्हते, पण मोजले गेले.

तेव्हा मी स्वतःला समजावलं होतं. शिकवणाऱ्या माणसाबद्दल बोलणारच. पण आता ही ओळ आली.

खरं सांगायचं तर ओळ खोटी असती तर मला काही वाटलं नसतं. 'विदारक' असतं तर मी हसलो असतो. पण ही ओळ खरी होती. दोरा ओवताना मालन श्वास धरायची. सुई डोळ्यांजवळ न्यायची, खांदे थोडे वर जायचे आणि दोरा पलीकडं निघेपर्यंत सगळं थांबायचं. समोर बसून बावीस वर्षं मी हे बघितलं होतं. मला वाटायचं, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. सोलापूरच्या माणसाला हे कसं कळलं?

कळायचा रस्ता एकच होता. त्यानं तिला दोरा ओवताना बघितलं असणार. आणि शिबिरात गोष्टी लिहायला गेलेली बाई दोरा कशाला ओवेल? मी पाटापाशी बसून विचार करायचो आणि मला उत्तर सापडायचं. त्याच्या शर्टाचं बटण तुटलं असेल. शिबिरात बायका चार होत्या, पण पिशवीत सुईदोरा मालनच ठेवायची. तिनं लावून दिलं असेल. अंगातल्या शर्टाला लावलं असेल, की शर्ट काढून घेतला असेल? हा विचार मी रोज करायचो. अंगातल्या शर्टाला बटण लावायचं म्हणजे किती जवळ उभं राहावं लागतं, दोरा दातानं तोडताना तोंड कुठं येतं, सगळं.

तिला विचारलं मात्र नाही.

महिन्याभरानं आमच्या वाचनालयानं 'गाठीचा दोरा'च्या पाच प्रती घेतल्या. गावातली लेखिका म्हणून कौतुकानं घेतल्या आणि रीतीप्रमाणं बांधायला माझ्याकडंच पाठवल्या. मालन बालवाडीत शिकवायची, सकाळी घरी नसायची. एका सकाळी मी पाचही प्रती सोडवल्या. नेहमी मी पुढचं चित्र पुढच्या पुठ्ठ्यावर आणि मागचं पान मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचो. त्या दिवशी पुढचं चिकटवलं. मागची पानं बाजूला ठेवली आणि मागं कोरा राखाडी कागद लावला. आलेल्या दहांतल्या बाकीच्या नातेवाइकांना दिल्या होत्या; मग आत जाऊन कपाटात उरलेली घरची एक प्रत आणली आणि तिचंही तसंच केलं.

कापलेली सहा पानं मी फेकली नाहीत. जाड, चांगला कागद होता. पुस्तकाचा कणा, म्हणजे शिवणीची बाजू, मजबूत व्हावी म्हणून आतून जाड कागदाची पट्टी चिकटवतात. ती बाहेरून कधी दिसत नाही. त्याच आठवड्यात वाचनालयाच्या जुन्या मासिकांचे वर्षावर्षाचे खंड बांधायला आले होते. सहा पानांच्या पट्ट्या मी सहा खंडांच्या कण्यात घातल्या. अक्षरांवर खळ फिरवताना मला बरं वाटलं. उमदीकरांना कोंडून ठेवल्यासारखं.

मालन दुपारी आली. बांधलेल्या प्रती ओळीनं वाळत ठेवल्या होत्या. तिनं एक उचलली, पुढून बघितली, मागून बघितली.

"मागचं पान कुठं गेलं?"

"बांधणीत जातं कधी कधी."

"पुढचं राहिलं की."

मी खळीचं भांडं धुवायला घेतलं. ती आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला. परत येऊन दारात उभी राहिली.

"घरच्याचं पण?"

मी भांडं आणखी घासत राहिलो.

"तुम्ही नीट वाचलं होतं का ते?"

"वाचलं होतं. एवढा मोठा माणूस लिहितोय तर खरंच असणार."

"आजवर मागच्या पानावरचं कधी खरं मानलंत?" ती म्हणाली. "शेकड्यानं पुस्तकं बांधलीत. एकाचं मानलं नाहीत. माझ्याच पुस्तकाचं बरं मानलंत."

"मग खोटं आहे का?"

"मी काय सांगू? खेळाचा नियम आहे." ती पुढं आली. "हरलात का?"

मला वाटलं, ती मला चिडवतेय. माझ्या तोंडावर त्या माणसाचं कोडं घालतेय.

"मी कशाला हरू?" मी म्हणालो.

"मग राहू दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती शिवायला माझ्या समोर बसली नाही. खिडकीकडं बसायला लागली. म्हणाली, इकडं उजेड बरा आहे. खरोखर बरा होता. पण मला तिची पाठ दिसायची. दोरा ओवताना खांदे वर गेलेले दिसायचे, तोंड दिसायचं नाही. बोलणं-चालणं तसंच राहिलं. जेवायला वाढायची, भाजीत मीठ कमी आहे का विचारायची. पुस्तकं येत राहिली, पण मागचं पान तिनं पुन्हा कधी वाचून दाखवलं नाही. गोष्टीही लिहिल्या नसाव्यात. लिहिल्या असल्या तरी मला दिसल्या नाहीत.

तीन वर्षं अशी गेली. मग तिला कावीळ झाली, ती आधी अंगावर काढली, आणि सोळाव्या दिवशी ती गेली. शेवटचे तीन दिवस शुद्ध नव्हती. त्या आधी एकदा तिनं माझा हात धरला होता. मला तेव्हाही विचारता आलं असतं. मी विचारलं, "पाणी देऊ का?"

वर्षश्राद्ध झाल्यावर मी सोलापूरला गेलो. वर्षभर मला धड रडूही आलं नव्हतं. रडायला बसलो की ते बटण आठवायचं. म्हटलं, एकदा त्या माणसाचं तोंड बघून येऊ. विचारू. मग जे असेल ते असेल.

उमदीकरांचं घर शोधायला कष्ट पडले नाहीत. रिक्षावाल्यालाही ते माहीत होते. दार त्यांनीच उघडलं. सत्तरीच्या पुढचा माणूस, बुटका, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. मी पहिल्यांदा बघितली ती त्यांची बटणं. अंगात झब्बा होता आणि झब्ब्याला साखळीची बटणं होती, धुताना काढून ठेवतात तसली. शिवायची गरजच नाही.

"या, या. कुठून आलात?"

"बार्शीहून. पुस्तकं बांधतो."

"बाइंडर? अहो, देवच पावला! बसा. आमच्या सोलापुरात धड बाइंडर उरला नाही." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी एक जाडजूड पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "हे बघा. शिवण पार सुटलीय. होईल का दुरुस्त?"

मी पुस्तक उघडून बघितलं. होण्यासारखं होतं. तसं सांगितलं. मग विचारलं, "सर, तुम्ही नेहमी झब्बाच घालता का?"

"म्हणजे?"

"शर्ट घालत नाही?"

"कॉलेजात असताना घालायचो. निवृत्त झालो आणि सोडला. का हो?"

"सत्त्याण्णव साली शिबिर झालं होतं. तेव्हा?"

"तेव्हा मला निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती." ते चष्म्यातून माझ्याकडं बघायला लागले. "शर्टाचं काय आहे?"

"कुणी तुमचं बटण लावून दिलं होतं का? शिबिरात?"

"अहो, त्या शिबिरातलं जेवण कसं होतं तेही मला आठवत नाही. बटण कुठलं आठवणार?" ते हसले. आतल्या बाजूला बघून ओरडले, "अगं, चहा टाक. बार्शीचे पाहुणे गमतीचे आहेत."

मी पिशवीतून मालनचं पुस्तक काढलं. मागची बाजू राखाडी, कोरी. "ह्या पुस्तकाच्या मागं तुम्ही लिहिलं होतं."

त्यांनी नाव वाचलं. "होनराव. असेल, असेल. पावणेदोनशे पुस्तकांवर लिहिलंय मी."

"पुस्तक वाचलं होतं?"

"पहिली आणि शेवटची कथा. तेवढी वाचतोच मी. काही जण तेवढीही वाचत नाहीत." त्यांना राग आला नाही. उलट शिकवायला मिळालं म्हणून ते खूश दिसले. "तुम्ही पुस्तकं बांधता, तुम्हाला सांगायला हरकत नाही. प्रकाशक लेखकालाच सांगतो, तीन मजकूर लिहून सरांकडे पाठवा. मी एकावर खूण करतो. त्याखाली माझं नाव पडतं. लोक कुठं मजकूर वाचतात? नाव वाचतात."

"म्हणजे हे तुम्ही लिहिलं नाही?"

"कुठलं होतं ते?"

मला ते पाठ होतं. मी म्हणून दाखवलं. दोरा, श्वास, समोर बसणारा, सगळं.

"हां!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "हे आठवलं. हे चांगलं होतं. थांबा."

ते उठले. भिंतीला लागून कपाटात फायली होत्या, सालवार, नाडीनं बांधलेल्या. माणूस स्वतःचं सगळं जपून ठेवणारा होता. अठ्ठ्याण्णवची फाइल काढली, एकेक कागद उलटत गेले आणि एक माझ्या हातात दिला.

अक्षर मालनचं होतं. रेघा मारताना वाया गेलेला कागद, माझ्याच कामातला, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेलं.

'१. ग्रामीण स्त्रीच्या जीवनाचे विदारक दर्शन.

२. मराठी कथेला नवे वळण देणारा संग्रह.

३. दोरा ओवताना ही बाई श्वास धरते. समोर बसणाऱ्यालाही धरावा लागतो. तिची गोष्ट वाचताना तसंच होतं.'

तिसऱ्यावर लाल पेन्सिलीनं खूण होती. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं.

'सर, पहिले दोन मी पुस्तकांच्या पाठी वाचून वाचून बनवले आहेत. तिसऱ्यातलं शेवटचं वाक्य तेवढं माझं. बाकीचं आमच्या ह्यांचं आहे. एकदा काम करताना ते बोलून गेले. त्यांना आठवत नसेल. पुस्तकावर छापून आल्यावर त्यांना ओळखू येतं का, ते मला बघायचं आहे. खाली त्यांचं नाव घालता आलं तर फार बरं. नागनाथ होनराव, बाइंडर. नाही जमलं तर तुमचं घालावं.'

'नागनाथ होनराव, बाइंडर' यावर लाल रेघ मारलेली होती.

मी वाचत होतो आणि मला ती दुपार दिसत होती. वीज गेलेली. परीक्षेच्या वह्यांचे गठ्ठे पडलेले. मालनचा दोरा तीनदा चुकला होता आणि मी वैतागून म्हणालो होतो, "तू दोरा ओवताना श्वास धरतेस आणि समोर मला पण धरावा लागतो. लवकर ओव बाई, नाहीतर इथंच जाईन." ती इतकी हसली की दोरा चौथ्यांदा चुकला.

"ही रेघ कुणी मारली?" मी विचारलं.

"मीच. नवऱ्याचं नाव कसं घालणार? लोक हसले असते. घरच्याच माणसानं केलेलं कौतुक कोण खरं मानतं?" त्यांनी कागद परत घेतला, पुन्हा वाचला. "पण नवरा रसिक असला पाहिजे."

"नाही," मी म्हणालो. "अडाणी आहे."

"तुम्ही ओळखता?"

"बार्शीत ओळखतात त्याला."

चहा आला. मी प्यालो. निघताना त्यांनी ते शिवण सुटलेलं पुस्तक माझ्या पिशवीत घातलं. ते मी नंतर दुरुस्त करून पोस्टानं पाठवलं. तो कागद मागायचं धैर्य मला झालं नाही. मागितला असता तर मी कोण ते सांगावं लागलं असतं.

परतीच्या एसटीत वैरागचा थांबा आल्यावर माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "हरलो."

शेजारी पागोटंवाले एक म्हातारे होते. त्यांनी वळून बघितलं. "काय हरलात, पाव्हणं? कोर्टात काम हुतं का?"

"व्हय," मी म्हणालो. मग मला रडू आलं. म्हाताऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बार्शी येईपर्यंत तसाच ठेवला. "अपील करा की," एवढंच एकदा म्हणाले.

नातेवाइकांकडं दिलेल्या प्रती मी शोधल्या. कुणी हरवली होती, कुणी कुणाला दिली होती, मेहुण्याच्या घरी तर कव्हरच निघून गेलं होतं. पुस्तक छापणाऱ्या निमकर प्रकाशकांना पत्र लिहिलं, ते बंद झाले होते. ती ओळ आता सहा ठिकाणीच होती, वाचनालयात, मासिकांच्या खंडांच्या कण्यात. मी मधून मधून तिथं जायचो. कपाटासमोर उभा राहायचो. पण चांगली बांधणी उगाच फोडणं हे कुठल्याच बाइंडरला जमत नाही. आणि माझी बांधणी पक्की होती. मीच केलेली.

बारा वर्षांनी एक खंड सुटला. कुणा अभ्यास करणाऱ्या मुलीनं तो झेरॉक्स मशीनवर पालथा दाबला आणि कणा मोडला. वाचनालयाच्या तळेकर बाई स्वतः तो घेऊन माझ्याकडं आल्या. मी काम बंद केलं होतं, पण वाचनालयाचं असेल तर करायचो.

"होईल का हो? दुर्मीळ अंक आहेत."

"बसा. बघतो."

खळ ओली करून जुनं कापड सोडवलं. आतली पट्टी आपसूक सुटून हातात आली. कागद पिवळा झाला होता, अक्षरं तशीच होती. तिन्ही वाक्यं आणि खाली प्राचार्य श्रीनिवास उमदीकर. मी पट्टी पाटावर सरळ केली, लोखंडी मोजपट्टीनं दाबून धरली आणि नावाच्या वरून पातं फिरवलं. नाव कचऱ्यात टाकलं.

तळेकर बाई वाकून बघत होत्या. त्यांनी ओळ वाचली, आधी मनात, मग हळू आवाजात.

"छान आहे हो. कुणाचं आहे हे?"

"ओळखा बघू," मी म्हणालो.

त्यांनी दोन-तीन मोठी नावं घेतली. मी मान हलवत राहिलो.

"मग सांगा की."

"आधी हरलो म्हणा."

त्या हसल्या, पण म्हणाल्या नाहीत. विचार करत बसल्या. मी पट्टीला मागून खळ लावली, ओळ परत कण्यात चिकटवली आणि सुई घेतली.